भट्टीवरचा एसी काढायला चेन्नईला

सखाराम राव सरांचा फोन आला तेव्हा मी शिरोलीत, आमच्या फौंड्रीत, एका गिऱ्हाइकाशी भांडत होते. गिऱ्हाइकाचं बरोबर होतं, त्यामुळे भांडण जरा लांबलं होतं. सरांनी पंचवीस वर्षांत मला एकदाही फोन केला नव्हता. म्हणाले, "सुजाता, एक सही पाहिजे. कॉलेजला येतीस काय?"

"कसली सही, सर?"

"ये. मग सांगतो. जेवायला घरीच ये."

आणि ठेवला फोन.

आमच्या बॅचचा रौप्यमहोत्सवी मेळावा त्याच शनिवारी होता, हे मला ठाऊक होतं आणि मी जाणार नव्हते. माझं आणि माझ्या कॉलेजचं नातं सांगायचं तर असं: ते मला वर्षातून चार-पाच मेल पाठवतं आणि मी ती न उघडता पुसते. शिकत असताना चार वर्षं ज्यांनी मला नावानं हाक मारली नाही, रोल नंबरानं बोलावलं, त्यांना मी आता एकदम "आपल्या परिवाराची अभिमानास्पद सदस्य" वाटायला लागले, की समजावं कुठंतरी छप्पर गळतंय. वडील चेन्नईजवळ एन्नोरच्या वीजकेंद्रात नोकरीला होते म्हणून मी तिकडं शिकले. कॉलेजात मला मराठी बोलणारं एकच माणूस भेटलं, ते म्हणजे फौंड्री शॉपचे इन्स्ट्रक्टर सखाराम राव. तंजावरकडचे. त्यांची मराठी तीनेकशे वर्षांपूर्वी कोल्हापूर-साताऱ्याकडून निघालेली आणि मग तमिळच्या चालीवर चालायला लागलेली. मी आज लोखंड वितळवून पोट भरते ते त्या माणसामुळे. त्यांनी बोलावलं की जायचं, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

"पंचवीस वर्षांत गेली नाहीस, आता एका सहीसाठी चाललीस?" नवरा म्हणाला.

"जेवायला पण बोलवलंय."

"मग ठीक आहे," विलास म्हणाला. आमच्या घरी हे कारण चालतं.

कोल्हापूरहून चेन्नईला जाणाऱ्यांसाठी सांगते. सरळ जायच्या भानगडीत पडू नका. संध्याकाळची बंगळुरूची स्लीपर बस धरायची, तिकीट बाराशेच्या आसपास पडतं. सकाळी मॅजेस्टिकला उतरलं की रेल्वे स्टेशन समोरच आहे. तिथून चेन्नईची दिवसाची गाडी, चेअर कार, पाच-सहा तास. डावीकडची खिडकी मिळाली तर घ्या, उन्हं उजवीकडून येतात. काटपाडीला वडे चढतात, ते घ्यावेत. त्याच्या आधी चढणारे घेऊ नयेत, मी घेतले. शेजारी एक तमिळ आजोबा होते, त्यांनी माझ्या हातातल्या वड्याकडं पाहून इंग्रजीत विचारलं, "पहिल्यांदाच का?" मी म्हटलं, चार वर्षं इथं शिकलेय. ते म्हणाले, "मग तुम्हाला माहीत असायला हवं होतं."

सेंट्रलला उतरून मेट्रोनं गिंडी, गिंडीहून लोकलनं तांबरम. तांबरमला स्टेशनजवळ मध्यम लॉज भरपूर आहेत. खोलीत पंखा चालतोय का ते आधी बघायचं, मगच सामान टाकायचं. सप्टेंबर महिना होता. आंघोळ करून बाहेर आले आणि दोन मिनिटांत आंघोळ केली होती की नाही याचा मलाच संशय यायला लागला.

सरांचं घर पश्चिम तांबरमला, दोन खोल्यांचं. सरांचं वय आता सदुसष्ट. निवृत्तीनंतर कॉलेजनं त्यांना मुदतवाढ देत देत ठेवलं होतं, कारण तेवढ्या पगारात दुसरा माणूस येईना. उजवा खांदा उतरलेला दिसला. त्यांच्या पत्नी कमलाबाईंनी केळीचं पान मांडलं आणि त्यावर डांगराची पचडी वाढली. उडदाचं भाजलेलं पीठ, दही, वर फोडणी. आमच्याकडंही डांगर करतात, पण कमलाबाईंच्या डांगराला आमच्या डांगरानं आत्याबाई म्हणावं असं ते होतं. तीनदा घेतलं.

मग सरांनी सांगितलं.

"ह्या महिन्याचे शेवटीं माझं संपलं. आता मुदत वाढवणार नाहींत. तीन वर्षं झालीं, फौंड्रीत भट्टी पेटली नाही. मुलं येतात, पडद्यावर व्हिडिओ बघतात, वहीत लिहितात, जातात. एकानंही धातू ओतला नाही."

"का? भट्टी बिघडली?"

"भट्टीस काय होतंय? भट्टी बरी आहे. एसी बसवला."

मला वाटलं त्यांच्या मराठीतला एखादा जुना शब्द असेल. "एसी म्हणजे?"

"एसी म्हणजे एसी," कमलाबाई म्हणाल्या. "गार हवा."

माजी विद्यार्थ्यांनी फौंड्री शॉपला वातानुकूलन यंत्र भेट दिलं होतं. नुसतं यंत्र देऊन भागत नाही, म्हणून खिडक्या काचा लावून बंद केल्या. वरचं धुराडं बुजवून फॉल्स सीलिंग केलं, त्यात गोल दिवे बसवले. आता त्या फॉल्स सीलिंगखाली भट्टी पेटवणं म्हणजे कॉलेज पेटवणं. प्राचार्य म्हणाले, भट्टी नको. सरांनी विचारलं, मग एसी काढू? प्राचार्य म्हणाले, देणगीत आलेली वस्तू देणाऱ्यांच्या लेखी संमतीशिवाय हलवता येत नाही, नियम आहे. देणाऱ्या बॅचच्या प्रतिनिधीची सही आणा, शिवाय दोन साक्षी.

"सध्याचीं मुलं सोळा आहेत," सर म्हणाले. "मी जायच्या आधीं त्या सोळांनीं एकदा ओतलं पाहिजे. मी गेलों की ती भट्टी भंगारात जाणार, मग कोणी विचारणार नाही. अस्कीं विसरतील." अस्कीं म्हणजे सगळे. "तू फौंड्री चालवतीस. तुला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून तुला फोन केला."

मी पानावर हात ठेवून विचारलं, "पण असला शहाणपणा केला कुठल्या बॅचनं?"

सरांनी कमलाबाईंकडं पाहिलं. कमलाबाईंनी मला आणखी पचडी वाढली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

शनिवारी सकाळी तांबरमहून ओरगडमकडं जाणारी बस धरली. मुडिचूर, पडप्पै करत तासाभरात पोचते. आम्ही शिकत होतो तेव्हा या रस्त्याला शेतं आणि तळी होती आणि बसमध्ये कोंबड्या असायच्या. आता दोन्ही बाजूंना गाड्यांचे कारखाने, कंटेनरच्या रांगा. कोंबड्या कुठं गेल्या कुणास ठाऊक. कॉलेजची कमान मात्र नवी होती, आणि कमानीवर ती कोणत्या बॅचनं दिली ते कॉलेजच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत होतं. आत गेलं की बाकावर बॅच, पाण्याच्या कूलरवर बॅच, झाडाच्या कट्ट्यावर बॅच. एका कचराकुंडीवरही एक बॅच होती. त्यांच्याबद्दल मला जरा आपुलकी वाटली.

मेळाव्याला वेळ होता, म्हणून आधी फौंड्रीत गेले. दार ढकललं आणि अंगावर काटा आला. थंडीनं. कोपऱ्यात भट्टी, तिच्यावर प्लास्टिकचं आवरण, आवरणावर कुणीतरी रजिस्टर ठेवलेलं. मोल्डिंगची वाळू, जिच्यात साचा करतात ती, मूठभर घेतली, आवळली, हात उघडला. चांगली वाळू असेल तर मुठीचा आकार राहतो, बोटांचे ठसे उमटतात. ही रव्यासारखी सांडून गेली. एसीनं सगळा ओलावा खेचून घेतला होता. भट्टीच नाही, तीन वर्षांत वाळूही मेली होती. मला खरंच वाईट वाटलं, आणि ज्यांनी हे केलं त्यांचा भयंकर राग आला.

मग भिंतीवरची संगमरवरी पाटी वाचली. तीस नावं होती. आमच्याच बॅचची. एकोणिसावं नाव माझं.

आठवायला पाच मिनिटं लागली. तीन-साडेतीन वर्षांपूर्वी बॅचच्या ग्रुपवर प्रश्न आला होता: आपल्या वर्कशॉपला काय द्यायचं? एसी, ग्रंथालयाला कपाटं, की स्वागत कमान? मी कागलच्या पेट्रोल पंपावर रांगेत उभी होते. मे महिना होता. मला एकदम ते फौंड्री शॉप आठवलं, तो उकाडा, तो चिकटलेला युनिफॉर्म, आणि मी एसीवर बोट ठेवलं. पैसेही पाठवले. रोज सकाळी भट्टी पेटवणारी बाई मी, आणि मी फौंड्रीला एसी दिला. आता कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून ब्लॉगवर लिहिते.

मेळावा सभागृहात होता. आमच्यातले निम्मे अमेरिकेतून आले होते आणि निम्मे ओरगडममधून, आणि दोघांनाही यायला सारखाच त्रास झाला होता. प्रत्येकाला व्यासपीठावर बोलवून शाल घालत होते. सप्टेंबरात चेन्नईत शाल. मी ती हातात घेतली, तर छायाचित्रकार म्हणाला, मॅडम, अंगावर. सत्कारानंतर प्राचार्यांनी पुढच्या इमारतीचा आराखडा दाखवला आणि सगळे फोनमध्ये बघायला लागले. माझ्या शेजारी बसलेला एक जण म्हणाला, "दरवेळी इमारतच का मागतात?" दुसरा म्हणाला, "इमारतीवर नाव लिहिता येतं."

आमचा बॅच प्रतिनिधी म्हणजे सेंथिल. ओरगडमलाच एका सुट्या भागांच्या कारखान्यात प्लांट मॅनेजर. मेळावा, ग्रुप, देणगी, सगळं तोच ओढतो. इतरांसारखी हौस म्हणून नव्हे, त्याला खरंच कॉलेजबद्दल माया आहे. पहिल्या वर्षी फौंड्रीच्या प्रॅक्टिकलला तो चक्कर येऊन पडला होता आणि सखाराम राव सरांनी त्याला दोन हातांवर उचलून बाहेर नेलं होतं. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं होतं. एसीची कल्पना त्याचीच.

जेवणाच्या वेळी मी त्याला गाठून सहीचं पत्र पुढं केलं. त्याचा चेहरा उतरला.

"सुजाता, तो काढायचा? मी तो सरांसाठी दिला. सर सत्तरीला आलेत आणि त्या धगीत उभे राहतात. आणि मुलं? अजून कुणी पडलं म्हणजे?"

"मुलं आता व्हिडिओ बघतात. व्हिडिओ बघून कोण पडतंय?"

"तू पण एसीलाच मत दिलं होतंस."

"दिलं होतं. चुकलं माझं."

"माझं नाही चुकलं," सेंथिल म्हणाला, आणि पापडम घ्यायला गेला. भोवतीच्यांनीही आपापलं मत दिलं. एकाचं म्हणणं, दिलेली वस्तू काढणं अशुभ. एकाचं म्हणणं, एसी राहू दे आणि बाहेर दुसरी फौंड्री बांधू, तिच्यावर दुसरी पाटी लावू. एकीनं विचारलं, काढला तर कर सवलतीचं काय होईल? सहीला मात्र कुणी हात लावेना.

मी सेंथिलच्या दंडाला धरून त्याला ताटासकट फौंड्रीत नेलं. सर तिथंच होते, आपला डबा खात. मेळाव्याचं जेवण त्यांना मानवत नाही. पुढचं बोलणं तमिळमध्ये झालं, मी मराठीत लिहिते.

"सर, तुम्ही मला एकदा तरी सांगायचं होतं," सेंथिल म्हणाला. "उद्घाटनाला तुम्ही शाल घेतलीत, आभार मानलेत."

"शाल घातल्यावर आणखी काय करतात?" सर म्हणाले. "आणि सांगणार कधी? सामान आलं तेव्हा कळलं मला. तुम्ही तीस जणांनी तीस जणांना विचारलंत. इथं रोज उभा राहणारा मी एकटा, मला कुणी विचारलं नाही."

मला बसायला जागा शोधावीशी वाटली.

"पण सर, मी पडलो होतो," सेंथिल म्हणाला. "उष्णतेनं. तुम्हीच उचललंत."

"उष्णतेनं नव्हे रे. तू सकाळी काही खाल्लं नव्हतंस. हॉस्टेलला उठायला उशीर करायचास, मेस बंद व्हायची. उचललं तेव्हा तुझं पोट वाजत होतं." सरांनी डबा पुढं केला. "त्या दिवसापासून मी डब्यात चार इडल्या जास्त आणतो. कोण उपाशी आलं ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं. आता भट्टीच नाही, तर कुणाची चक्कर कळायची कशी? तरी रोज आणतो. रोज परत नेतो."

सेंथिलनं ताट मोल्डिंगच्या बाकावर ठेवलं. पत्र मागितलं आणि उभ्याउभ्याच सही केली. मी साक्षीदार म्हणून केली. दुसरा साक्षीदार म्हणून छायाचित्रकार चालेल का असं प्राचार्यांना विचारलं, तर ते म्हणाले, माजी विद्यार्थीच लागेल. छायाचित्रकार माजी विद्यार्थीच निघाला. तीन बॅच मागचा, सिव्हिल.

रविवारी सेंथिलच्या कारखान्यातली देखभालीची माणसं येऊन एसी आणि सीलिंग उतरवून धुराडं मोकळं करत होती, म्हणून मी सकाळी एन्नोरला जाऊन आले. सेंट्रलशेजारच्या उपनगरी स्टेशनातून गुम्मिडिपूंडीकडं जाणारी गाडी, तिकीट अगदी किरकोळ. मुद्दाम बघायला जावं असं तिथं काही नाही हे प्रामाणिकपणे सांगते. आमची जुनी कॉलनी सापडली नाही. खाडीच्या पाण्यात राखेची साय होती, आणि तरीही एक माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा राहून कोळंबी शोधत होता. त्याला विचारलं, मिळते का? म्हणाला, "पूर्वी मिळायची." संध्याकाळी परत येऊन सरांबरोबर वाळू भिजवली, वाळू धरून ठेवणारी बेंटोनाइट माती मिसळली, पायानं तुडवली. माझे पाय कामातून गेले, पण वाळू जिवंत झाली.

सोमवारी सोळा मुलं आली. नऊ मुलगे, सात मुली, सगळ्यांचे फोन हातात. सरांनी आधी विचारलं, कोण जेवून आलं नाही? तिघांनी हात वर केले. इडल्या चार होत्या, चौथी मी खाल्ली. मग भट्टी पेटली, मुशीत अॅल्युमिनियम वितळलं, आणि खोलीत जी धग उसळली ती मला अगदी माहेरची वाटली. मूस उचलायला दोन बाजूंना दोन माणसं लागतात. सरांचा खांदा चालत नव्हता. तेव्हा मला कळलं, त्यांनी मला सहीसाठी बोलावलं नव्हतं. सही सेंथिलची हवी होती. एका बाजूला मी लागले, दुसऱ्या बाजूला एकेक मूल. पहिल्या मुलीनं मला विचारलं, "मॅम, आधी फोटो काढू?"

"आधी ओत," सर म्हणाले.

ती ओतत असताना सरांकडं बघितलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. धुराचं असेल असं मी लिहिलं असतं, पण नव्हतं. सोळाही जणांनी ओतलं. साच्यांतून निघालेली चार कास्टिंग चांगली झाली, बारा टाकाऊ.

मंगळवारी निघाले. एसी आता प्राचार्यांच्या प्रतीक्षाकक्षात आहे. पाटी सिमेंटात बसवलेली असल्यानं निघाली नाही, त्यामुळे आमच्या बॅचनं दिलेल्या थंड हवेबद्दल कॉलेज त्या भट्टीशेजारी अजून आभारी आहे. ज्यांना बघायची असेल त्यांनी जरूर जावं, पण दुपारी जाऊ नये.

घरी येऊन तीन आठवडे झाले. विलासनं विचारलं, काय मिळालं एवढं जाऊन? मी म्हटलं, शाल. पण मनात एकच घोळत होतं. सर महिनाअखेरीला निवृत्त झाले, जागा भरली नाही, आणि मी निघताना 'आता तूच शिकवायला येतीस काय' या त्यांनी तोंडानं न विचारलेल्या प्रश्नाला मी तोंडानं उत्तर दिलं होतं: ऑर्डरी आहेत, माणसं नाहीत, कोल्हापूर लांब आहे. सगळं खरं होतं. खरं असूनही घशाखाली उतरत नव्हतं. ती भट्टी पुन्हा आवरणाखाली गेली असणार, असंच मी धरून चालले होते.

काल सरांचा फोन आला. मी म्हटलं, सर, बरे आहात ना?

"मी घरीं आहे. मला काय झालं?" ते म्हणाले. "सेंथिल दर शनिवारीं जातो आहे. त्यानं मुलांस घेऊन भट्टी पेटवली. मला बोलावलं नाही, विचारलं नाही. ओतून झाल्यावर कास्टिंग इथं घरीं आणून दाखवलं."

"कसं झालं?"

"वाईट. अर्धा साचा भरलाच नाही. वाळूस पाणी जास्त, धातू गार. असलं वाईट कास्टिंग मी चाळीस वर्षांत बघितलं नव्हतं." मागं कमलाबाई काहीतरी म्हणाल्या. "टेबलावर ठेवलं आहे. कमला म्हणते आत ठेवा, लोक येतात. मी म्हटलं, राहूं दे."